वर्गणी कोणाच्या नावाने?

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराने २००३ साली ‘द राइट नंबर’ नावाची चित्रकथा इंटरनेटवर विकायला काढली. एका भागाची किंमत २५ सेंट, तेव्हाच्या दराने अकरा-बारा रुपये. कागदी कॉमिक्सच्या धंद्यात प्रकाशक, वितरक आणि दुकानदार आपापला वाटा कापून घेतात आणि चित्रकाराच्या हाती चणेफुटाणे उरतात, हे त्याने तीन वर्षांपूर्वी ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या पुस्तकात चित्रे काढून समजावले होते. इंटरनेटवर मधली माणसे गळून पडतील, वाचक चिल्लर टाकेल आणि ती जवळजवळ पुरी चित्रकाराकडे पोहोचेल, असा त्याचा होरा. ‘बिटपास’ नावाच्या कंपनीने त्याची सोय केली होती. वाचकाने आधी थोडे डॉलर भरून ठेवायचे आणि त्यातून पाव-अर्धा डॉलर वळता होत जायचा. ‘द राइट नंबर’चे दोन भाग आले, तिसरा आलाच नाही. बिटपास २००७च्या जानेवारीत बंद पडली.

हे होणार असे सांगणारा माणूस आधीपासून हजर होता. क्ले शर्की याने २००० सालीच सुट्ट्या पैशांच्या या कल्पनेविरुद्ध लेख लिहिला होता. वाचकाला पैसा जड होत नाही, ठरवणे जड होते, असे त्याचे म्हणणे. पाव डॉलरची वस्तू घ्यावी की नको याचा विचार करण्यात जो त्रास होतो, तो पाव डॉलरपेक्षा महाग असतो; त्यातून शेजारी शेकडो चित्रमालिका फुकट वाचायला मिळत असतील तर तो विचार करायचाच कशाला? मला हे म्हणणे वीस-पंचवीस वर्षांनीही तितकेच खरे वाटते.

दुसरी अडचण कार्डाच्या हिशेबाची. अमेरिकेत दुकानदाराने कार्डाने पैसे घेतले की साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट असा आकार पडतो. शंभर डॉलरच्या बुटांवर तो ३ डॉलर २० सेंट होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एक डॉलर घेतला तर मात्र ३३ सेंट गेले, म्हणजे तिसरा हिस्सा. पंचवीस सेंटांवर तर वस्तूपेक्षा आकारच मोठा. हे तीस सेंट लक्षात ठेवावेत, कारण वेबकॉमिक्सच्या पुढच्या इतिहासात ते जागोजागी आडवे येतात.

त्यांना पहिले व्यवहारी उत्तर दिले जोई मॅनली याने. २००२च्या मार्चमध्ये त्याने ‘मॉडर्न टेल्स’ सुरू केले. महिन्याला २ डॉलर ९५ सेंट भरायचे आणि डझनावारी मालिका वाचायच्या. कार्डाचा आकार एकदाच, निर्णयही एकदाच. आज एका वर्गणीत शेकडो चित्रपट मिळतात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मॅनलीने ते कॉमिक्ससाठी केले तेव्हा नेटवर मजकुराला पैसे मागणे हाच मुळात उद्धटपणा समजला जाई. तिथे चांगले कामही आले. जीन लुएन यांग याची ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ ही कथा आधी मॉडर्न टेल्सवर क्रमशः आली. २००६ साली तिचे पुस्तक झाले आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक ॲवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचलेली ती पहिली चित्रकादंबरी ठरली.

मॉडर्न टेल्सवर ताजा भाग सर्वांना खुला असे आणि जुने भाग वर्गणीदारांपुरते. कागदी मासिकाच्या सवयीने पाहिले तर ही मांडणी बरोबर वाटते. वेबकॉमिकचा वाचक मात्र वेगळ्या रीतीने येतो. कोणीतरी मित्र एक चित्र पाठवतो, ते आवडते, मग तो मागे जातो आणि पहिल्या भागापासून सगळे एका बैठकीत वाचून काढतो. पहाटे तीनपर्यंत जागून पाचशे भाग संपवले की तो त्या पात्रांचा झाला. जुने भाग कुलूपबंद ठेवले की नेमका हाच रस्ता बंद होतो. चालू वाचक टिकतात, नवे येत नाहीत, आणि वर्गणीदारांची यादी हळूहळू झिजत जाते. मॉडर्न टेल्स झिजत झिजत २०१२पर्यंत चालले.

फिल आणि काया फोलिओ या जोडप्याने उलटा डाव टाकला. त्यांची ‘गर्ल जीनियस’ ही मालिका कागदावर छापून निघत असे. २००५च्या एप्रिलमध्ये त्यांनी सुटे अंक काढणे थांबवले आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार एकेक पान नेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. विकायची ती जाड पुस्तके. लोकांनी पानन् पान फुकट वाचले आणि तरी पुस्तके विकत घेतली, आधीपेक्षा जास्त घेतली. पुढे २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षे चित्रकथेचे ह्यूगो पारितोषिक याच मालिकेला मिळाले. वाचून झालेली गोष्ट माणूस पुन्हा विकत का घेतो, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांना पडला असेल; ज्यांच्या घरी आवडत्या पुस्तकांचे कपाट आहे त्यांना पडायचे कारण नाही.

मधला काही काळ जाहिराती आणि टी-शर्टांवर निभावला. ‘डायनॉसॉर कॉमिक्स’ काढणारा टोरंटोचा रायन नॉर्थ याने २००६ साली ‘प्रोजेक्ट वंडरफुल’ नावाचे जाहिरातींचे जाळे उभारले. छोट्या चित्रकाराने दुसऱ्या छोट्या चित्रकाराच्या पानावरची जागा काही सेंटांना लिलावात घ्यायची, अशी त्याची गोड रीत. २०१८च्या ऑगस्टमध्ये तेही मिटले. तोवर वाचक फेसबुक-इन्स्टाग्रामवर गेला होता आणि जाहिरातींचा पैसाही त्याच्या मागोमाग.

२०१२ साली एक गोष्ट कळली, की एकगठ्ठा मागितले तर वाचक भरभरून देतात. रिच बर्ल्यू याची ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही काडीच्या माणसांची मालिका. संपलेली पुस्तके पुन्हा छापण्यासाठी त्याने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ जणांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले. सगळी मालिका नेटवर फुकट असताना! पण या यशाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. इतके पैसे आले म्हणजे इतकी पुस्तके, चित्रे आणि बक्षिसे छापून, बांधून टपालाने पाठवायची जबाबदारीही आली. त्याच वर्षी बर्ल्यूच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि मालिकाही थांबली, पाठवणीही लांबली. एकगठ्ठा पैसा हा पुष्कळदा पुढच्या कामाची उचल असतो, मिळकत नव्हे.

महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा ‘पेट्रिऑन’ने शक्य केला. जॅक कॉन्टी या संगीतकाराने तीन महिने खपून एक व्हिडिओ केला. जाहिरातींतून त्याचे किरकोळ पैसे मिळणार हे दिसल्यावर त्याने सॅम याम याच्यासोबत २०१३च्या मेमध्ये ही सेवा सुरू केली. वेबकॉमिक्सवाले तिथे सुरुवातीच्या काळातच पोहोचले. महिन्याला एक, तीन किंवा पाच डॉलर द्यायचे; बदल्यात कच्ची चित्रे, एखादा भाग दोन दिवस आधी, कधी नुसते आभार. मुख्य मालिका सगळ्यांना खुलीच. म्हणजे वाचक चित्राची किंमत देत नव्हता, पुढचे चित्र येत राहावे म्हणून देत होता. मॅक्लाउडला जे साधले नाही ते इथे साधले, कारण ‘हे चित्र पाव डॉलरचे आहे का’ हा प्रश्नच उरला नाही.

आणि ते तीस सेंट? पेट्रिऑनची खुबी तिथेच होती. एखादा वाचक दहा चित्रकारांना एकेक डॉलर देत असेल, तर त्याच्या कार्डावर महिन्यातून एकदाच दहा डॉलरची वजावट व्हायची. कार्डाचा आकार एकदाच पडायचा आणि दहा जणांत विभागला जायचा. २०१७च्या डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढे प्रत्येक देणगीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट वेगळे लागतील आणि ते देणाऱ्याने भरायचे. दहा जणांना एकेक डॉलर देणाऱ्यावर महिन्याला ३ डॉलर ८० सेंट जादा. शंभर डॉलर देणाऱ्या एखाद्या धनिकाला याचे काहीच वाटले नसते. मार बसला तो एकेक डॉलर वाटणाऱ्या साध्या वाचकाला, आणि वेबकॉमिक्स त्याच्याच जिवावर उभी होती. वाचकांनी भराभर देणग्या काढून घेतल्या. चित्रकारांच्या डोळ्यांदेखत आकडे खाली येत होते. आठवडा संपायच्या आत कंपनीने माफी मागून बेत मागे घेतला. गेलेले सगळे वाचक परत आले नाहीत. पुढे २०२४ मध्ये ॲपलने आयफोनवरून नव्याने येणाऱ्या वर्गणीत ३० टक्के वाटा मागितला, तेव्हा पेट्रिऑनवाल्यांनाच वरचा दलाल भेटला.

इथपर्यंत गोष्ट एकेका चित्रकाराची झाली. स्वतंत्र व्यासपीठ चालवणाऱ्याचे दुखणे निराळे असते, आणि मला खरे तर त्याबद्दलच सांगायचे आहे. शेकडो होतकरू चित्रकारांना फुकट जागा देणारी, भाग लावायला सोपी, वाचकाला नव्या मालिका दाखवणारी एखादी साइट कोणीतरी हौसेने उभी करतो. चित्रकाराला लोक पैसे देतात, कारण त्याची पात्रे त्यांच्या घरची झालेली असतात. ज्या छपराखाली ती पात्रे राहतात त्याच्यावर कोणाचे प्रेम असते? गणेशोत्सवाची वर्गणी गणपतीच्या नावाने मागतात म्हणून मिळते. तिच्यातला मोठा भाग मांडव, वीज आणि लाउडस्पीकर यांत जातो हे देणाऱ्यालाही ठाऊक असते. मांडववाल्याने स्वतःच्या नावाने पावतीपुस्तक फिरवून पाहावे! व्यासपीठ चालवणारा तो मांडववाला आहे, आणि इथे गणपती त्याचा नाही, चित्रकाराचा आहे.

म्हणून अशा साइटचा इतिहास बहुतेक हातबदलाचा आहे. ‘ड्रंक डक’ २००२ साली हौसेतून निघाली, २००६ मध्ये प्लॅटिनम स्टुडिओज या कंपनीकडे गेली, २०१० मध्ये वोवियो या दुसऱ्या कंपनीकडे. ‘स्मॅक जीव्हज’ २००५ची. ती एका कोरियन कंपनीच्या ताब्यात गेली, तिचे रूप बदलले, चित्रकारांनी हौसेने सजवलेली पाने सपाट झाली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ती कायमची बंद झाली. पंधरा वर्षांत तिथे जमलेल्या मालिका चित्रकारांनी स्वतः उतरवून घेतल्या असतील तर वाचल्या. ‘कॉमिकफ्युरी’सारखी एखादी साइट मात्र अजून स्वतंत्र आहे. तिथे चित्रकाराला आपल्या पानाची मांडणी हवी तशी करता येते आणि खर्च वाचकांच्या व चित्रकारांच्या स्वेच्छेच्या देणग्यांतून भागवला जातो. माझ्या मते तिचे टिकणे तिच्या लहान असण्यात आहे. पगारी माणसांचा ताफा नाही, गुंतवणूकदार नाही, म्हणून दरवर्षी दुप्पट व्हायची सक्तीही नाही.

खर्च नेमका कशाचा होतो? एका पानाचे चित्र अर्धा मेगाबाइट धरले आणि मालिका सहाशे पानांची असली, तर पहिल्यापासून वाचणारा एक वाचक ३०० मेगाबाइट ओढतो. असे हजार वाचक म्हणजे ३०० गिगाबाइट. वीस वर्षांपूर्वी एवढ्या बिलाने चित्रकाराला घाम फुटायचा. मालिका अचानक लोकप्रिय होणे हे तेव्हा संकट असे. आज तेवढी वाहतूक थोड्या डॉलरांत निघते. पण अलीकडे वाचक नसलेले वाचक वाढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे यंत्रसेवक सगळी पाने, सगळी चित्रे उपसून नेतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२५च्या एप्रिलमध्ये सांगितले, की चित्रे व इतर माध्यमफायली उतरवून घेण्याची वाहतूक २०२४च्या जानेवारीपासून ५० टक्क्यांनी वाढली आणि ती वाढ मुख्यतः अशा यंत्रांची आहे. विकिपीडियाला जे जाणवते ते देणगीवरच्या चित्रांच्या साइटला किती जाणवत असेल!

तरीही सर्व्हर हा सोपा खर्च. अवघड खर्च माणसाच्या वेळेचा. माझे चित्र चोरून दुसऱ्याने आपल्या नावाने लावले, अमक्याने शिवी दिली, ही मालिका मुलांनी पाहण्यासारखी नाही तर तसा शिक्का मारा, पासवर्ड विसरलो, रात्रीतून दोनशे खोटी खाती उघडली गेली. ही कामे रोजची आणि आभार न मिळणारी. देणगीच्या आवाहनात चालक ‘सर्व्हरसाठी मदत करा’ असे लिहितो, कारण सर्व्हर म्हटले की लोकांना पटते. ‘मी रोज तीन तास भांडणे सोडवतो, त्याचे द्या’ असे लिहायला संकोच वाटतो. हा संकोच अशा साइटी मारतो, असे मला वाटते. चालक पदरमोड करत राहतो, मग नोकरी बदलते, मूल होते, आणि एक दिवस वाचकांना सूचना दिसते की महिनाअखेर साइट बंद होत आहे.

पैसे देऊन काम करून घेणाऱ्या व्यासपीठाची कहाणी याहून बोलकी आहे. राजकीय व्यंगचित्रकार मॅट बॉर्स याने २०१३ साली ‘द निब’ सुरू केले, ‘मीडियम’ या कंपनीच्या आश्रयाने. राजकीय व्यंगचित्रे, चित्ररूप बातमीदारी, चित्रनिबंध असा मजकूर असे आणि चित्रकारांना मानधन मिळे. २०१५ मध्ये मीडियमने हात आखडला. २०१६ मध्ये ‘फर्स्ट लुक मीडिया’ने उचलून धरले. २०१९ मध्ये त्यांनीही पैसा थांबवला. तेव्हा बॉर्सने साइट स्वतःकडे घेतली आणि ती वाचकांच्या वर्गणीवर चालवायला लागला. सभासदांना एकेका विषयावरचे छापील मासिक घरपोच मिळे, आणि साइट सर्वांना खुली. चार वर्षे हा प्रपंच चालला. २०२३च्या मेमध्ये त्याने बंद करत असल्याचे जाहीर केले. कारणे सांगितली ती कागद व टपाल महागल्याची, समाजमाध्यमांनी वाचक पाठवणे बदलल्याची, लोक वर्गण्यांना कंटाळल्याची. दहा वर्षांत सहा हजारांवर चित्रकथा आणि चित्रकारांना वीस लाख डॉलरहून जास्त मानधन, असा त्याचा जमाखर्च. घोषणेनंतर, दार लागायच्या आधी, जुलैत ‘द निब’च्या मासिकाला सर्वोत्तम संकलनाचे आइसनर पारितोषिक मिळाले, म्हणजे कॉमिक्सजगतातला मोठा मान. दर्जा कमी पडला म्हणून बंद पडले, असे म्हणायची सोयच राहिली नाही.

कोरियातल्या नेव्हर कंपनीचे ‘वेबटून’ २००४ पासून चालते आणि २०२४च्या जूनमध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरले. तिथे पुढचे भाग आधी वाचायचे असतील तर पैसे मोजायचे. उतावळेपणा विकण्याची ही युक्ती छान चालते, पण ती स्वतंत्र व्यासपीठाची गोष्ट नाही, म्हणून इथे एवढेच.

भारतात चित्र थोडे वेगळे आहे. नागपूरचा रोहन चक्रवर्ती शिकला दंतवैद्यक आणि २०१० पासून काढतो आहे वन्यजीवांवरची ‘ग्रीन ह्यूमर’ ही मालिका; अमेरिकेच्या युनिव्हर्सल सिंडिकेटने वितरणासाठी घेतलेली ही पहिली भारतीय मालिका. त्याचे घर चालते ते वर्तमानपत्रांतली सदरे, पुस्तके आणि निसर्गसंस्थांची कामे यांवर. मराठीत हास्यचित्रांना आसरा दिला तो १९५१ साली निघालेल्या ‘आवाज’सारख्या दिवाळी अंकांनी, आणि त्यांचा पाया जाहिरातींचा. वर्षातून एकदा येणाऱ्या जाहिरातींवर आठवड्याला तीनदा येणारी मालिका जगत नाही. म्हणजे मराठी वेबकॉमिक्सचे व्यासपीठ कोणी काढलेच, तर त्याला वाचकाच्या खिशाकडेच वळावे लागेल.

त्या खिशातून पैसे निघायची वाट मात्र आपल्याकडे अमेरिकेपेक्षा सोपी आहे. २०२०च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराला आकार नाही. दहा रुपये पाठवले तर दहा पोहोचतात. मॅक्लाउड ज्याची वाट पाहत होता ते सुटे पैसे आपल्याकडे चहाच्या टपरीवर फिरतात. महिन्याच्या वजावटीसाठी यूपीआय ऑटोपे जुलै २०२० पासून आहे. मधल्या पेमेंट कंपन्या त्याचे काही शुल्क घेतात, तरी तीस सेंटांसारखी धाड पडत नाही.

अडते ते दुसरीकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या प्रत्येक आपोआप वजावटीआधी चोवीस तास ग्राहकाला सूचना जावी लागते. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही, जरी त्या वेळी कित्येक परदेशी सेवांच्या वर्गण्या भारतीय कार्डांवर अडून राहिल्या. पण शर्कीचे म्हणणे आठवले की यातली गोम दिसते. ‘उद्या तुमचे ५० रुपये जातील’ असा संदेश दर महिन्याला आला, की दर महिन्याला निर्णय आला, आणि वर्षातून बारा वेळा विचारले तर एखाद्या वेळी माणूस नको म्हणणारच.

म्हणून मराठी व्यासपीठाने महिन्याच्या मोहात पडू नये, वर्षाची वर्गणी घ्यावी. आपल्या नियतकालिकांना ती जुनी सवय आहे, वाचकालाही. पाचशे रुपये एकदाच. चारशे वर्गणीदार मिळाले तर वर्षाचे दोन लाख होतात. त्यातून दोन-तीन मालिकांना थोडे मानधन, सर्व्हर, आणि चालकाच्या वेळेचे काही पैसे निघतील. हा शेवटचा खर्च आवाहनात उघड लिहावा. देताना वाचकाला मालिका निवडू द्यावी, म्हणजे पावती त्याच्या आवडत्या चित्रकाराच्या नावाची फाटेल आणि छपराचा वाटा तिच्यातच ठरलेला असेल. चित्रकाराला आपली सगळी पाने आणि आपल्या वर्गणीदारांच्या संमतीने त्यांचे पत्ते केव्हाही उतरवून नेता यावेत. आगाऊ आलेल्या दोन लाखांतला दर महिन्याला बारावा हिस्साच खर्चाला मोकळा करावा, आणि साइट मध्येच मिटवावी लागली तर उरलेले महिने मोजून पैसे परत दिले जातील, हे वर्गणी घेण्याच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावे.